भाषणाआधीचे काम
(प्रस्तावना)

समजा, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबरला, हिंगोलीत ध्वजवंदन झाल्यावर पालकमंत्री भाषणात एक वाक्य बोलतात : ‘सेनगाव तालुक्यातील साखरा मंडळात अतिवृष्टी झाली आणि बाधित शेतकऱ्यांना मदत देण्यात आली आहे.’ वाक्यात एकही आकडा नाही. मैदानात उभ्या असलेल्या बहुतेकांना ते दरवर्षीचेच वाटेल. पण साखरा भागात ज्याचे सोयाबीन पाण्याखाली गेले आहे, तो शेतकरी त्यातला प्रत्येक शब्द स्वतःच्या शेताला लावून पाहतो. अतिवृष्टी कोणत्या तारखेची धरली? त्या मंडळात माझे गाव आहे का? बाधित कोण हे कुणी ठरवले, बांधावर येऊन की तहसीलमध्ये बसून? मदत दिली म्हणजे नेमके काय झाले? शासन निर्णय निघाला, यादी संगणकावर चढली, की पासबुकात नोंद पडली? वाक्य बोलले जाण्यापूर्वी हे सगळे प्रश्न कुणीतरी विचारून, त्यांची उत्तरे मिळवून ठेवलेली असली पाहिजेत. हे पुस्तक त्या माणसांसाठी आहे.

ही माणसे कोण? जिल्हा माहिती कार्यालयातला माहिती सहायक, जिल्हा सांख्यिकी कार्यालयातला सांख्यिकी सहायक, नियोजन शाखेतला अव्वल कारकून, मंत्र्यांचे स्वीय सहायक, विशेष कार्य अधिकारी. सरकारबाहेरही ती आहेत. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत अध्यक्ष जे बोलतात, जिल्हा बँकेच्या अहवालाचे मनोगत ज्या आकड्यांवर उभे असते, विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात कुलगुरू जो आढावा वाचतात, त्या सगळ्यांच्या मागे कुणीतरी कागद चाळलेले असतात. भाषण देणाऱ्याचे नाव पत्रिकेवर छापले जाते. कागद चाळणाऱ्याचे कुठेच येत नाही. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, कामाची रीतच ती आहे. पण नाव नसले म्हणजे शिस्तही नको, असा समज आपल्याकडे रुजला आहे आणि तो फार महागात पडतो.

गेल्या दहा वर्षांत सत्यशोधनाची दुसरी एक शाखा लोकांच्या परिचयाची झाली. पसरलेला मजकूर खरा की खोटा, हे नंतर तपासून सांगणाऱ्या संस्था निघाल्या. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानेही २०१९ मध्ये असा विभाग सुरू केला. सरकारविषयीच्या मजकुराचे खरेखोटे सरकारच्याच कक्षाने ठरवावे अशी तरतूद नियमांत आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. तो वाद मोठा आहे आणि महत्त्वाचाही आहे. इथला विषय त्याच्या अलीकडचा आहे. शब्द तोंडातून बाहेर पडण्याआधी, मसुदा अजून टेबलावर असताना, तो स्वतःच्याच माणसाने तपासणे. बाहेरच्याला आपण खोटे ठरवू शकतो. आपल्याच साहेबांच्या आवडत्या वाक्यावर काट मारणे अधिक अवघड असते.

महाराष्ट्रात या कामाचा वारसा जुना आहे आणि तो पहिल्या प्रतीचा आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले आणि एका दिवसात त्यांची कीर्ती देशभर झाली. सरकार शिलकी अर्थसंकल्पाला भरभराटीचा पुरावा मानत होते. गोखल्यांनी आकड्यांनी दाखवून दिले की, रुपयाचा दर सोळा पेन्सपर्यंत चढवल्यामुळे शिल्लक फुगली आहे आणि दुष्काळात होरपळलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर गोळा होत आहे. मिठावरचा कर कमी करा, ही त्यांची मागणी होती. पुढच्याच वर्षी तो मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

त्या भाषणांच्या मागे उभे असलेले गणेश व्यंकटेश जोशी मात्र आज कुणाला आठवत नाहीत. ते सोलापुरात मुख्याध्यापक होते. सरकारी अहवाल, आयात-निर्यातीचे तक्ते, महसुलाची विवरणे यांचा त्यांचा व्यासंग असा होता की न्यायमूर्ती रानडे यांच्यानंतर गोखल्यांनी आर्थिक आकड्यांसाठी त्यांच्यावरच भिस्त ठेवली. १८९७ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोखले विलायतेला गेले तेव्हाही आणि पुढे अर्थसंकल्पावरच्या भाषणांच्या वेळीही जोशांची मदत त्यांना होती. एक मुख्याध्यापक सोलापुरात बसून आकडे जुळवतो आणि त्या आकड्यांवर कलकत्त्यात साम्राज्याच्या अर्थमंत्र्याला उत्तर देणे भाग पडते. भाषणामागच्या संशोधनाचे याहून मोठे उदाहरण मराठी माणसाच्या इतिहासात मला दिसत नाही.

इथे तपासनिसाच्या उपयोगाची एक गोष्ट सांगतो. ‘ग. वा. जोशी’ आणि ‘ग. व्यं. जोशी’ या दोन नावांत लिहिणारे हमखास गोंधळतात. इंग्रजीत तर दोघांची आद्याक्षरे अगदी एकच. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका. १८७० च्या पुणे सार्वजनिक सभेचे ते संस्थापक, आणि १८८० मध्ये ते निवर्तले. १९०२ च्या भाषणाला ते मदत करूच शकत नव्हते. नाव जुळले की माणूस जुळला असे धरू नये, मृत्यूचे साल पाहावे. एवढी एक सवय लागली तरी निम्म्या चुका दारातच अडतात.

गोखल्यांच्याच आयुष्यात या कामाची दुसरी बाजूही आहे आणि ती आठवताना आजही मन हळहळते. १८९७ मध्ये ते विलायतेत असताना पुण्यात प्लेगची धामधूम चालू होती. गोऱ्या सोल्जरांनी घरझडतीत केलेल्या अत्याचारांची पत्रे त्यांना पुण्याहून येत होती. त्या पत्रांवर विश्वासून त्यांनी तिथल्या वृत्तपत्राला सांगितले की दोन स्त्रियांवर बलात्कार झाला आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. पार्लमेंटमध्ये खळबळ उडाली, मुंबई सरकारने साफ इन्कार केला. गोखले परतले, पुरावा शोधला. कोर्टात वा लोकांपुढे उभे राहील असे काही मिळेना. त्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. पत्रे पाठवणाऱ्यांची नावे त्यांनी अखेरपर्यंत सांगितली नाहीत. माफीबद्दल स्वकीयांनीही त्यांना वर्षानुवर्षे बोल लावले.

या प्रसंगात पत्रे लिहिणारे खोटारडे होते असे मी मानत नाही. पुण्यात त्या वेळी भीती होती, लोक संतापलेले होते आणि घराघरांत घडणाऱ्या गोष्टी तोंडोतोंडी पोहोचत होत्या. गोखले हजारो मैलांवर होते. त्यांच्याकडे वेल्बी आयोगासाठी जोशी होते, पण या पत्रांसाठी कुणी जोशी नव्हते. ‘हे तुम्ही स्वतः पाहिले की ऐकले? ती बाई कोणत्या पेठेतली? साक्ष द्यायला कोण पुढे येईल?’ असे विचारणारा माणूस मध्ये नव्हता. रुपयाच्या दरावर बोलताना जो माणूस एकही आकडा सैल सोडत नसे, त्याच माणसाला एका बातमीने आयुष्यभराचा डाग दिला. तपासणी व्यक्तीच्या सचोटीवर सोडून चालत नाही, तिला वेगळी व्यवस्था लागते, हे मला गोखल्यांच्या या दोन प्रसंगांवरून पटले.

आता पुन्हा साखऱ्याकडे येऊ. साखरा हे सेनगाव तालुक्यातले गाव आणि त्याच नावाचे महसूल मंडळही. हा फरकच पहिला सापळा आहे. मंडळात अनेक गावे येतात. ‘साखऱ्यात अतिवृष्टी’ असे मसुद्यात आले, तर ती गावात झाली की मंडळात, हे विचारलेच पाहिजे. शिवाय साखरा नावाचे गाव शेजारच्या वाशिम जिल्ह्यातही आहे. त्या गावाच्या जिल्हा परिषद शाळेचे कौतुक हिंगोलीच्या साखऱ्याच्या नावावर खपून जाणे अगदी शक्य आहे, कारण इंटरनेटवर नाव टाकले की दोन्ही गावांची माहिती एकत्र समोर येते. याच तालुक्यात ‘हत्ता’ आहे आणि वसमत तालुक्यात ‘हट्टा’ आहे. मराठीत लिहिले तर फरक दिसतो. इंग्रजी तक्त्यात दोन्ही एकसारखी दिसतात आणि तक्ता पुन्हा मराठीत आणताना एका गावाचा पाऊस दुसऱ्या गावात पडतो. म्हणून गावाच्या नावाशेजारी तालुका आणि जनगणनेचा गाव संकेतांक लिहिल्याशिवाय कुठलाही तक्ता पुढे सरकवू नये.

पावसाचेच घ्या. महसूल खात्याच्या हिशेबात मंडळाच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक नोंद झाली की त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे धरतात. हवामान खात्याची वर्गवारी निराळी आहे, तिथे ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’ पाऊस सुरू होतो, ‘अतिजोरदार’ त्याच्या बराच पुढे. एकाच पावसाला दोन खाती दोन नावे देतात आणि भाषण लिहिणारा दोन्ही खात्यांची पत्रे समोर ठेवून त्यातले ऐकायला जोरकस वाटते ते नाव उचलतो. त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, हे चांगलेच झाले. पण केंद्र एका ठिकाणी असते आणि मंडळ पसरलेले असते. ढग केंद्रापासून दोन गावे सोडून कोसळला, तर मापकावर वीस मिलिमीटरची नोंद होते आणि तिकडे ओढ्याकाठची जमीन खरवडून जाते. तेव्हा ‘या मंडळात अतिवृष्टीची नोंद नाही’ हे वाक्य खरे असते आणि ‘या मंडळात नुकसान नाही’ हे वाक्य खोटे असते. मसुद्यात पहिल्याचे दुसरे व्हायला क्षणभर पुरतो. त्या क्षणी कुणी अडवले नाही, तर एखाद्या गावाचे नाव यादीतून जाते.

‘सरासरीच्या इतके टक्के’ हेही असेच. हिंगोली जिल्ह्याची पावसाळ्याची सरासरी सुमारे ७९५ मिलिमीटर धरतात. ऑगस्टच्या मध्यावर पडलेल्या पावसाची टक्केवारी या पूर्ण हंगामाच्या सरासरीशी काढली की एक आकडा येतो. त्या तारखेपर्यंतच्या सरासरीशी काढली की दुसरा, बराच मोठा. दोन्ही बरोबर. कोणता कशाशी काढला हे न सांगता बोलले, तर दोन्ही फसवे.

धरणांच्या बाबतीत मी स्वतः सर्वांत जास्त सावध असतो. येलदरीच्या जलाशयाचा एकूण साठा सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर आणि उपयुक्त साठा सुमारे ८०९. मधला सव्वाशेचा फरक मृत साठ्याचा. धरण ‘शून्य टक्के’ असते तेव्हाही त्यात पाणी दिसते. म्हणून टक्केवारी एकूण साठ्याची की उपयुक्त साठ्याची, हे पहिले विचारायचे. मग एकक. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर. पाटबंधारे खाते दलघमीत लिहिते, पुढारी टीएमसीत बोलतात आणि रूपांतर घाईत कुणीतरी फोनवर करते. येलदरीचे धरण परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात आहे. हिंगोलीच्या भाषणात ‘आपल्या जिल्ह्यातले येलदरी’ असे आले, तर श्रोत्यांपैकी निम्मे हसतील आणि उरलेले पुढचे काहीच मनावर घेणार नाहीत.

जिल्ह्याचे वयही विसरू नये. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. १९९१ च्या परभणीची लोकसंख्या २१ लाखांवर होती, २००१ मध्ये ती १५,२७,७१५ झाली. दोन आकडे शेजारी ठेवून कुणी ‘दशकात परभणीतून लाखो लोक स्थलांतरित झाले’ असे लिहिले, तर तक्त्यात त्याला विरोध करणारे काहीच सापडणार नाही. माणसे कुठे गेली नाहीत, सीमा सरकली. हिंगोलीची लोकसंख्या २००१ मध्ये ९,८७,१६० आणि २०११ मध्ये ११,७७,३४५ होती. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. पुढची १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून व्हायची आहे. तेव्हा आज कुणी ‘जिल्ह्याची लोकसंख्या इतकी’ असे म्हणत असेल, तर तो आकडा २०११ चा आहे की अंदाज, हे वाक्यातच यायला हवे.

माणसांच्या जन्मस्थळांतही हीच सीमा आडवी येते. नानाजी देशमुख ११ ऑक्टोबर १९१६ रोजी कडोळी येथे जन्मले. जुन्या चरित्रांत परभणी जिल्हा लिहिलेला आहे, नव्यांत हिंगोली. दोन्ही लिहिणारे आपापल्या काळात बरोबर. ‘आजच्या हिंगोली जिल्ह्यातील कडोळी’ एवढे लिहिले की वाद उरत नाही. श्रद्धेच्या गोष्टी आल्या की मात्र हात अधिक हलका हवा. संत नामदेवांचे जन्मस्थान नर्सी की पंढरपूर, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. औंढ्याच्या नागनाथाला आपण आठवे ज्योतिर्लिंग मानतो आणि द्वारकेजवळचे लोकही नागेश्वराला तेच मानतात. पालकमंत्री नर्सीला बोलताना ‘परंपरेनुसार’ हा एक शब्द घालतील, तर भक्तांना काही खटकणार नाही आणि इतिहासाचीही पायमल्ली होणार नाही. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, ही गोष्ट मात्र कसलीही पुस्ती न जोडता सांगावी.

पैशाच्या वाक्यांसाठी या पुस्तकात वेगळे प्रकरण आहे आणि ते सर्वांत लांब आहे. तसे ते असायलाच हवे. घोषणा, तत्त्वतः मान्यता, प्रशासकीय मान्यता, मंजूर नियतव्यय, वितरित निधी, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष खर्च, पूर्ण झालेले काम : या प्रत्येक टप्प्यात महिने जातात, कधी वर्षे. भाषणात या सगळ्यांसाठी ‘दिले’ हे एकच क्रियापद येते. औंढा तालुक्यातल्या लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या प्रकल्पाचे पाहा. केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली, २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये आणि ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. ‘लायगो २०१६ मध्ये मंजूर झाला’ आणि ‘२०२३ मध्ये मंजूर झाला’ ही दोन्ही वाक्ये कुठे ना कुठे छापलेली सापडतील. सात वर्षांचे अंतर एका शब्दात गडप होते.

पीकनुकसानीत हे अंतर थेट माणसाच्या घरात पोहोचते. ३३ टक्के आणि त्याहून अधिक नुकसान झाले तर मदत, असा निकष २०१५ पासून आहे. पूर्वी ५० टक्क्यांचा होता. केंद्राच्या २०२२ पासूनच्या निकषांत जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये आणि मर्यादा दोन हेक्टरांची. राज्याने मध्यंतरी काही हंगामांत वाढीव दर आणि तीन हेक्टरांची मर्यादाही जाहीर केली. म्हणजे दर सांगताना कोणत्या तारखेच्या शासन निर्णयातला, हे सांगितल्याशिवाय तो सांगूच नये. मग मोजणी. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक (नवी पदनामे आली तरी गावात हीच चालतात) मिळून पंचनामे करतात. त्यांचा गोषवारा मंडळ अधिकाऱ्याकडून तहसीलला, तिथून जिल्ह्याला, विभागीय आयुक्तांना आणि शेवटी मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाला जातो. या वाटेवर ‘खातेदार’ कधी ‘शेतकरी’ होतात ते कळत नाही. दोन गावांत जमीन असलेला एक माणूस दोनदा मोजला जातो. सामाईक सातबाऱ्यावरचे चार भाऊ कधी एक, कधी चार. नजरअंदाजाचा पहिला आकडा वर्तमानपत्रात गेलेला असतो आणि पंचनाम्यांनंतरचा आकडा त्याहून कमी भरतो, मग लोक म्हणतात सरकारने कापले. शेवटी निधी वितरित होतो, यादी चढते, शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो, सेवा केंद्रावर जाऊन ई-केवायसी करावे लागते आणि त्यानंतर पैसे खात्यात येतात. मंत्रालयाच्या कागदावर ‘वितरित’ लिहिले त्या दिवशी साखऱ्याच्या शेतकऱ्याचे पासबुक कोरे असू शकते. म्हणून ‘मदत देण्यात आली’ असे लिहिण्यापूर्वी एक फोन गावात करावा, असे मी म्हणेन. तहसीलदारांना करावा, बँकेच्या शाखेत करावा आणि ज्याचे शेत गेले अशा एकाला तरी करावा.

विधिमंडळाने या कामाला फार पूर्वी एक साचा देऊन ठेवला आहे. तारांकित प्रश्नाची सुरुवात ‘हे खरे आहे काय’ अशी होते आणि उत्तरही तितकेच नेमके द्यावे लागते : ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’. सभागृहात दिलेले आश्वासन पाळले की नाही हे पाहायला आश्वासन समिती आहे, सभागृहाची दिशाभूल झाली तर विशेषाधिकाराचा प्रश्न येतो. त्यामुळे अधिवेशनाच्या काळात एका मंडळाची माहिती रात्री अकरा वाजता मागवली जाते आणि मिळतेही. दुर्दैव असे की अधिवेशन संपले की हा कस संपतो. ध्वजवंदनाच्या भाषणाला, आढावा बैठकीतल्या सादरीकरणाला, पत्रकार परिषदेला तोच साचा लावायला कुणाची हरकत नसावी. प्रत्येक विधानासमोर ‘हे खरे आहे काय’ असे लिहून पाहा, ‘अंशतः’ किती निघतात ते दिसेल.

मोठ्या सत्तांनाही ही शिस्त सुटली की काय होते, त्याचा धडा अलीकडचा आहे. २८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी वार्षिक अभिभाषणात सांगितले की, ब्रिटिश सरकारच्या माहितीनुसार सद्दाम हुसेन यांनी आफ्रिकेतून युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केला. इंग्रजीत ते सोळा शब्द होते. मार्च महिन्यात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला सांगितले की, या व्यवहाराची म्हणून दाखवलेली कागदपत्रे बनावट आहेत. जुलैमध्ये गुप्तचर संस्थेच्या प्रमुखांनी ते शब्द भाषणात राहायला नको होते असे जाहीरपणे मान्य केले. त्याआधी, ऑक्टोबर २००२ मधल्या दुसऱ्या एका भाषणातून हाच मजकूर गुप्तचर संस्थेच्या सांगण्यावरून काढून टाकलेला होता. तपासणी झाली होती, आक्षेप लेखी होता, काट मारली होती. तीन-साडेतीन महिन्यांनी तो दावा पुन्हा मसुद्यात आला तेव्हा जुन्या आक्षेपाची आठवण कुणाला राहिली नाही. तोवर युद्धाची तयारी पूर्ण होत आली होती.

म्हणून या पुस्तकातल्या सगळ्या सूचनांत मला एक सर्वांत मोलाची वाटते : काढून टाकलेल्या वाक्यांची वही. कोणते वाक्य काढले, कोणत्या तारखेला, कुणाच्या सांगण्यावरून आणि का. ठेवलेल्या वाक्यांचे आधार सगळेच जपतात. काढलेल्यांची नोंद कुणी ठेवत नाही, आणि अधिकारी बदलला, स्वीय सहायक बदलला की तेच वाक्य नव्या उत्साहाने परत येते. शासकीय कार्यालयांत तीन वर्षांत माणसे बदलतात, हे लक्षात घेतले तर या वहीची गरज पटेल.

आता मसुदे लिहिणारी यंत्रे आली आहेत. ती क्षणात सुबक मराठीत भाषण देतात, त्यात साल असते, योजना असते, लाभार्थ्यांची संख्याही असते. ती संख्या कोणत्या कागदावर आहे, हे विचारले की बऱ्याचदा कागदच सापडत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेल्या तक्त्याची गतही तीच : त्याच्यावर तारीख नसते, सही नसते, तो कितव्यांदा पुढे आला हे कळत नाही. या साधनांना माझा विरोध नाही. पण जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, आर्थिक पाहणी, शासन निर्णय, जनगणनेची पुस्तिका आणि संबंधित कार्यालयाचे सहीचे पत्र, यांपैकी एकात तरी जो आकडा सापडत नाही, तो भाषणात जाता कामा नये. माहिती अधिकार कायद्याला २००५ पासून इतकी वर्षे झाली. साखऱ्याचा एखादा तरुण अर्ज करून त्या आकड्याचा कागद मागू शकतो आणि तो त्याचा हक्क आहे.

हे काम करणाऱ्यांना एक संरक्षण हवे आणि ते वरिष्ठांनीच द्यायला हवे. ‘हे अजून म्हणता येणार नाही’ असे सांगणाऱ्या माहिती सहायकाची बदली होणार नाही, त्याला सभेत खाली पाहावे लागणार नाही, याची हमी. भाषण आदल्या रात्री हातात द्यायचे आणि सकाळी तपासून मागायचे, ही पद्धत बंद करायला हवी; मसुदा दोन कामकाजाचे दिवस आधी मिळाला पाहिजे. जो अधिकारी आपल्या टिपणीवर काट मारणाऱ्याला जवळ बसवतो, त्याचा शब्द जिल्ह्यात टिकतो, असा माझा अनुभव आहे.

वाचकांनी पुस्तक कोणत्याही प्रकरणापासून उघडावे. पावसाचे आणि पैशाचे प्रकरण मात्र पावसाळ्याआधी वाचून ठेवावे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांना माझी वेगळी विनंती आहे : तुम्ही वर पाठवता त्या प्रत्येक गोषवाऱ्यावर तारीख, वेळ आणि ‘नजरअंदाज’ की ‘पंचनाम्याअंती’, या तीन गोष्टी तरी लिहीत जा, कारण वरच्या सगळ्यांना तेवढ्याचाच आधार असतो. आणि सेनगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनो, तुमच्या गावाविषयी व्यासपीठावरून चुकीचे काही बोलले गेले, तर गट क्रमांक आणि तारीख लिहून लेखी कळवा, पोच घ्या आणि ती जपून ठेवा.